चासी एकच, बांधणी वेगवेगळी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. त्या दिवशी एकही लॅपटॉप बंद पडला नाही, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून २०१५-१६ च्या सुमाराची कितीतरी धडधाकट यंत्रं दाराबाहेरच राहिली. मग कुणीतरी सुचवतं, "लिनक्स टाक." शोधायला बसावं तर उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च... लग्नाच्या याद्यांत नसतील इतकी नावं!

या पसाऱ्याचं कारण समजायला एसटी स्टँडवर जाऊ. एसटी महामंडळ वर्षानुवर्षं चासी, म्हणजे बसचा नुसता सांगाडा, विकत घ्यायचं, टाटाची किंवा अशोक लेलँडची, आणि त्यावर दापोडीसारख्या आपल्या कार्यशाळेत बस बांधायचं. लिनक्स ही अशीच नुसती चासी आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिहायला घेतलेला हा कर्नल, म्हणजे मेमरी, प्रोसेसरचा वेळ, डिस्क, वायफाय यांची वाटणी करणारा गाभा. त्यावर खिडक्या, मेनू, ब्राउझर, प्रोग्रॅम बसवायची सोय असं सगळं चढवून जे तयार होतं, ते डिस्ट्रिब्यूशन, बोलताना डिस्ट्रो.

नवखा माणूस बहुतेकदा स्क्रीनशॉट पाहून डिस्ट्रो निवडतो आणि तिथेच फसतो. तो पाहत असतो तो डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंचं वरचं रूप, आणि डेस्कटॉप बदलता येतो. उबुंटूवर एरवी नोम नावाचा डेस्कटॉप असतो. त्याच उबुंटूवर केडीई बसवला की कुबुंटू, एक्सएफसीई बसवला की झुबुंटू. सीटचं कापड बदललं, एवढंच.

खरा फरक दिसत नाही. तो असतो नव्या आवृत्त्यांच्या चालीत. आर्चमध्ये ठरावीक आवृत्ती अशी नसतेच, तयार झालेलं नवं सॉफ्टवेअर लगोलग येत राहतं. ताजं खरं, पण एखाद्या सकाळी काही बिघडलं तर कारण शोधायची जबाबदारी तुमची. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिने दुरुस्त्या मिळतात. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती, दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. त्या काळात बहुतेक सॉफ्टवेअर जुन्याच आवृत्तीवर थांबतं, फक्त दुरुस्त्या येतात. पहिल्या वर्षी हा कंटाळवाणेपणाच हवा.

म्हणून जुन्या लॅपटॉपसाठी माझं मत सरळ लिनक्स मिंटला. तो उबुंटूच्या एलटीएसवरच बांधलेला आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. रॅम किमान २ जीबी सांगितली आहे, पण ब्राउझर उघडायचा तर ४ जीबी धरूनच चाला. तेवढीच असेल तर एक्सएफसीईवाला मिंट घ्या, ८ असेल तर सिनॅमन डेस्कटॉपचा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, ते आधी चालू करून ठेवा. काही बिनसलं तर यंत्रणा कालच्या स्थितीत परत नेता येते.

लॅपटॉप कोरा करकरीत असेल तर मात्र उलटा हिशेब. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम, कर्नलच्या आतच असतात, म्हणून नव्या वायफाय चिपला नवा कर्नल लागतो. अशा वेळी फेडोरा बरा. डेबियन नवख्यांसाठी नाही असं पूर्वी म्हणत, त्याचं एक मोठं कारण वायफायच होतं: चिपला लागणारं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, मुक्त परवान्याचं नसेल तर ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसत. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते येतं.

आणि हिशेबाच्या टॅलीवर किंवा मराठी टायपिंगच्या श्रीलिपीवर ज्यांचं पोट आहे, त्यांनी विंडोज पुसू नये. ती विंडोजची सॉफ्टवेअर आहेत. युनिकोडपूर्वीच्या फाँटमधल्या मराठी फाइलीही तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हं होऊन उघडतात.

बाकीच्यांनीही आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवर, म्हणजे डिस्ट्रो चढवलेल्या पेन ड्राइव्हवर, चालवून पाहावं. ८ जीबीचा पुरतो, तो बनवताना त्यावरचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप त्यावरून सुरू केला की इन्स्टॉल न करता पूर्ण डेस्कटॉप मिळतो, डिस्कला धक्का लागत नाही. वेगावरून मत बनवू नका, पेन ड्राइव्ह संथच असतो. वायफाय पकडतोय का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का ते बघा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही मराठी कळरचना जोडून चार ओळी लिहा. ज्ञ आणि र्‍य नीट उमटतात का पाहा. शेवटी झाकण मिटा, चहा घेऊन या आणि उघडा. स्क्रीन काळीच राहिली तर दुसऱ्या डिस्ट्रोचा पेन ड्राइव्ह बनवा; आत्तापर्यंत गेला तो फक्त अर्धा तास.