व्हायरसपासून संरक्षण (घरगुती संगणक व पेनड्राइव्ह)

घरचा संगणक, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड व एक्स्टर्नल हार्ड डिस्क यांत घातक प्रोग्रॅम शिरू नये, शिरलाच तर चालू नये आणि चाललाच तरी आपली माहिती शाबूत राहावी, यासाठी घ्यावयाची खबरदारी. काटेकोर अर्थाने व्हायरस म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला चिकटून स्वतःच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम. वर्म (स्वतंत्रपणे पसरणारा), ट्रोजन (उपयोगी प्रोग्रॅमचे सोंग घेणारा), रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हे प्रकार त्याहून वेगळे असले, तरी बोलण्यात सगळ्यांना व्हायरसच म्हणतात. डिस्कवर नुसती पडून असलेली व्हायरसची फाइल काहीच करत नाही, ती चालावी लागते. त्यामुळे ती कोणाच्या हातून आणि कशी चालते, हाच संरक्षणाचा मूळ प्रश्न ठरतो.

हातोहात फिरणारी डिस्क हे व्हायरसचे इंटरनेटपेक्षा जुने वाहन आहे. १९८२ मधील ‘एल्क क्लोनर’ अ‍ॅपल-२ संगणकांत फ्लॉपीतून पसरला. लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ (१९८६) फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसत असे आणि ती ड्राइव्हमध्ये ठेवून संगणक सुरू केला, की मेमरीत शिरत असे. पेनड्राइव्हच्या काळात ही वाट विंडोजच्या ‘ऑटोरन’ या सोयीने मोकळी केली. सीडी घालताच तिच्यावरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा म्हणून केलेल्या या व्यवस्थेचा ‘कॉनफिकर’ या वर्मने २००८ पासून पुरेपूर फायदा घेतला. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हपुरते ऑटोरन बंद करण्यात आले आणि एक्सपी व व्हिस्टा यांना तो बदल अपडेटमधून २०११ मध्ये मिळाला.

आपोआप चालणे थांबल्यावर व्हायरस वापरणाऱ्याच्याच हातून चालवून घेणे आले. ‘शॉर्टकट व्हायरस’ हा त्याचा नेहमी आढळणारा नमुना. पेनड्राइव्ह उघडल्यावर फोल्डर जिथल्या तिथे दिसतात, नावेही तीच असतात. फक्त प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण असतो. खरे फोल्डर लपवलेले असतात आणि दिसतो तो शॉर्टकट, म्हणजे दुसरी फाइल उघडणारा दुवा. त्यावर डबल क्लिक केले, की आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डर उघडतो, त्यामुळे संशय येत नाही. माहिती गेली असे समजून अनेक जण घाईने पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात. ती तेवढीच खरी हानी. वास्तविक, स्वच्छ संगणकावर आधी स्कॅन करून शॉर्टकट काढून टाकावेत आणि ‘अ‍ॅट्रिब’ या कमांडने फोल्डरचे ‘हिडन’ व ‘सिस्टिम’ हे गुणधर्म उतरवावेत, म्हणजे बहुधा सगळे जागेवर सापडते.

फसवणुकीची दुसरी जागा म्हणजे फाइलच्या नावाची शेपटी. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन (फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे) मुळातच लपवून ठेवते, त्यामुळे ‘फोटो.जेपीजी.ईएक्सई’ ही प्रत्यक्षात प्रोग्रॅम असलेली फाइल ‘फोटो.जेपीजी’ म्हणून दिसते. मे २००० मध्ये ईमेलमधून पसरलेल्या ‘आयलव्हयू’ने हीच युक्ती केली होती. एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय सुरू करणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे आणि त्याचा उपयोग एखाद्या महागड्या अँटिव्हायरसहून कमी नाही.

काही व्हायरस मात्र क्लिकचीही वाट पाहत नाहीत. २०१० मध्ये उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ पेनड्राइव्हमधील फोल्डर नुसता पाहिला तरी चालत असे, कारण शॉर्टकटचे चित्र दाखवण्याच्या विंडोजच्या पद्धतीतच दोष होता. असे दोष फक्त अपडेट बुजवते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने वापरलेल्या दोषाचे अपडेट मार्चमध्येच आलेले होते.

अँटिव्हायरस फाइलची ज्ञात खुणांशी तुलना करतो आणि चालू प्रोग्रॅमच्या वागण्यावर नजर ठेवतो. कोणताही प्रोग्रॅम सगळे व्हायरस अचूक ओळखू शकणार नाही, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच सिद्ध केले होते. विंडोज ८ पासून अँटिव्हायरस विंडोजमध्येच मिळतो. एका वेळी दोन अँटिव्हायरस चालवल्यास ते एकमेकांना अडवतात आणि संगणक रेंगाळतो. शिवाय अँटिव्हायरसची नजर फाइली व प्रोग्रॅम यांवर असते, उपकरणाच्या आतील चिपवर नसते. पेनड्राइव्हच्या कंट्रोलर चिपमधील फर्मवेअर (उपकरणाचा अंगभूत प्रोग्रॅम) बदलून पेनड्राइव्हला कीबोर्ड असल्याची बतावणी करायला लावता येते, हे २०१४ मध्ये ‘बॅडयूएसबी’ या नावाच्या हल्ल्याच्या प्रात्यक्षिकाने दाखवले. सापडलेला पेनड्राइव्ह कुतूहलापोटीही लावू नये, तो यासाठी.

परक्या संगणकाला लावायच्या पेनड्राइव्हवर त्या कामापुरत्याच फाइली ठेवाव्यात. काही पेनड्राइव्हना लेखन बंद करणारी कळ असते, ती असल्यास वापरावी. एसडी कार्डाच्या कडेची सरकपट्टी मात्र कार्ड रीडरने मानली तरच उपयोगाची.

रॅन्समवेअर संगणकाला जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवरील फाइली कुलूपबंद करते. त्यामुळे कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे. प्रत घेतल्यावर ती काढून ठेवावी लागते. लागण झालीच, तर आधी नेट तोडावे आणि विंडोज सुरू होण्यापूर्वी चालणारे ऑफलाइन स्कॅन करावे. बॅकअपची डिस्क संगणक स्वच्छ झाल्यावरच जोडावी, आणि पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदलावेत.