बॅगेवरचा भाव: विदर्भातल्या खतखरेदीमागचा इतिहास

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जूनच्या सुरुवातीला कृषी केंद्रासमोर उभं राहिलं की दोन भाव शेजारी-शेजारी ऐकू येतात. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना, तर अठरा-शेचाळीसची, म्हणजे डीएपीची, ५० किलोची बॅग १,३५० रुपयांना. दहा-सव्वीस-सव्वीस हे संयुक्त खत त्याहूनही महाग. शेतकरी शेतात युरिया एवढा का फेकतो, हा प्रश्न मेळाव्यांतून दरवर्षी विचारला जातो आणि त्याच्या अज्ञानाकडे बोट दाखवून सोडून दिला जातो. मला ते पटत नाही. पाच पट भावाच्या दोन बॅगा समोर असल्यावर हातात रोकड नसलेला माणूस काय उचलेल, हे उघड आहे. ही दरी कशी पडत गेली ते समजून घेतल्याशिवाय आजच्या महागाईची चर्चा अपुरीच राहते.

मुळात या भागात विकतच्या खताची चाल उशिरा आली. उकिरड्यातलं शेणखत उन्हाळ्यात गाडीनं शेतात नेऊन पसरायचं, रब्बीची सोंगणी झाली की धनगरांच्या मेंढ्या वावरात बसवायच्या, पऱ्हाटी (कपाशी), ज्वारी, तुरीचा फेर पाळायचा, एवढ्यावर काळी जमीन पिकत होती. आजच्या झारखंडातल्या सिंद्रीचा सरकारी खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राच्या सघन शेती कार्यक्रमासाठी महाराष्ट्रातून भंडारा जिल्हा निवडला गेला. बियाणं, खत आणि कर्ज एकत्र देण्याची ती योजना ‘पॅकेज प्रोग्राम’ म्हणून ओळखली गेली. विदर्भाच्या पूर्व टोकाला धानाच्या बांध्यांत खत पोचलं ते असं. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात संकरित ज्वारीचा जोरदार प्रसार झाला. पाठोपाठ १९७० मध्ये एच-४ हा कापसाचा संकरित वाण आला. या वाणांना खताशिवाय रंग चढत नाही, हे शेतकऱ्यानं एक-दोन हंगामांत ओळखलं.

मग १९७३ चा तेलाचा भडका उडाला. १९७४ मध्ये युरियाचा भाव जवळपास दुप्पट झाला आणि देशातला खतांचा खप खाली आला. त्यावर तोडगा म्हणून मराठे समितीच्या शिफारशीनुसार नोव्हेंबर १९७७ मध्ये धारण किंमत योजना लागू झाली. कारखान्याचा खर्च किती, हे सरकारनं मान्य करायचं, शेतकऱ्यासाठीचा भाव सरकारनंच बांधून द्यायचा आणि मधला फरक अनुदान म्हणून कारखान्याला द्यायचा. पुढे हीच पद्धत डीएपीसारख्या स्फुरदयुक्त खतांनाही लागू झाली. त्या दिवसांत युरियातलं नत्र, डीएपीतलं स्फुरद आणि पोटॅशमधलं पालाश तिन्ही सरकारी भावाच्या छत्राखाली होते, म्हणून कोणती बॅग घ्यायची याचा निर्णय बराचसा पिकाकडे बघून होत असे.

ती घडी १९९१-९२ मध्ये मोडली. परकीय चलनाच्या संकटात आलेल्या १९९१ च्या अर्थसंकल्पात खतांचे भाव ४० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. ओरड झाल्यावर वाढ ३० टक्क्यांवर आली. वर्षभरानं, २५ ऑगस्ट १९९२ ला, स्फुरद आणि पालाशयुक्त खतं नियंत्रणमुक्त झाली. युरिया तेवढा नियंत्रणात राहिला आणि त्याचा भाव उलट १० टक्क्यांनी उतरवला. डीएपी आणि पोटॅश एकाएकी महागले. सरकारनं तात्पुरती सवलत जाहीर करून थोडी मलमपट्टी केली, पण तिथून पुढे नत्र स्वस्त आणि बाकीचं महाग ही वाट पडली.

खरा घाव २०१० चा आहे आणि त्याच्याबद्दल गावात सर्वांत कमी बोललं जातं. २००२ पासून डीएपीचा भाव टनाला ९,३५० रुपये होता, म्हणजे बॅगेला साडेचारशेच्या थोडा वर. २००८ मध्ये जागतिक बाजारात डीएपी टनाला १,२०० डॉलरच्या पुढे गेलं, तरी इथला भाव हलला नाही. भार सगळा तिजोरीवर पडला. त्या धक्क्यातून १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्य आधारित अनुदान योजना आली. नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक यांच्या दर किलोमागे ठरावीक अनुदान द्यायचं आणि विक्रीचा भाव कंपनीनं ठरवायचा, अशी तिची मांडणी. कागदावर ती समतोल खतवापरासाठी होती. मात्र युरिया तिच्या बाहेर ठेवला. दोन वर्षांत डीएपीची बॅग बाराशेच्या आसपास गेली. पोटॅशची सव्वादोनशेची बॅग आठशेच्या घरात पोचली. युरिया त्याच काळात टनाला ४,८३० वरून ५,३६० वर गेला आणि तिथंच थांबला. कर आणि कडुनिंबाच्या आवरणाचा खर्च सोडला तर आजही तो तिथंच आहे. मधल्या काळात २०१५ मध्ये कडुनिंबाचं आवरण सक्तीचं झालं आणि २०१८ मध्ये बॅग ५० ची ४५ किलोची झाली, इतकाच बदल.

समतोलासाठी आणलेल्या योजनेनं समतोल घालवला, आणि तो घालवला तो विदर्भाच्या नेमक्या दुखऱ्या जागी. इथली बहुतेक शेती कोरडवाहू आहे. ज्वारी मागे हटून सोयाबीन आलं, आणि सोयाबीनला खतातून नत्रापेक्षा स्फुरद कितीतरी जास्त द्यावं लागतं. स्फुरदाची शिफारस हेक्टरी ७५ किलोची, म्हणजे एकरी साधारण ३० किलो. तेलबिया असल्यानं गंधकही हवं. जे लागतं तेच महाग झालं. पऱ्हाटीला स्वस्त युरियाचा जास्त मारा झाला की झाड नुसतं माजतं, पानं लुसलुशीत होतात, तुडतुडे आणि मावा या किडी चढतात, मग फवारणीचा खर्च वाढतो. युरियात वाचवलेला पैसा औषधात जातो.

२०२१ मध्ये पुन्हा आगीत तेल पडलं. त्या वर्षी कंपन्यांनी डीएपीची बॅग १,२०० वरून थेट १,९०० वर नेली. मे महिन्यात केंद्रानं बॅगेमागचं अनुदान ५०० वरून १,२०० केलं तेव्हा भाव परत बाराशेवर आला. त्याच वर्षी चीननं निर्यात आवळली, २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, बेलारूस आणि रशियाच्या पोटॅशची वाट अडली. आपण पोटॅश जवळपास पूर्णपणे आयात करतो, त्यामुळे त्याची बॅग १,७०० वर गेली. डीएपी १,३५० वर ठरलं आणि विशेष अनुदान देऊन तिथंच धरून ठेवलं गेलं. दहा-सव्वीसला असा हात मिळाला नाही. १,४७० ची बॅग पुढे सतराशेच्या वर गेली.

धरून ठेवलेल्या भावाची दुसरी बाजू टंचाईची. आयात परवडत नसेल तर कंपनी माल कमी आणते. मग खताची मालगाडी, म्हणजे रॅक, कधी लागते याच्याकडे अख्खा तालुका डोळे लावून बसतो. २०१७-१८ पासून अंगठा लावून यंत्रावर विक्री होते. ती नोंद झाल्यावरच कंपनीला अनुदान मिळतं. त्यानं काळा बाजार काहीसा आटोक्यात आला, पण लिंकिंग थांबलं नाही. डीएपी किंवा युरिया हवा तर सोबत नको असलेली बाटली नाहीतर कसलीशी भुकटी घ्याच, हा आग्रह दुकानदार धरतो आणि कंपनीकडून आपल्यालाही तसंच दिलं जातं असं सांगतो. छापील भाव १,३५० राहतो, खिशातून मात्र जास्त जातात.

अशा वेळी निदान हिशेब तरी आपल्या हातात असावा. युरियाच्या बॅगेत २०.७ किलो नत्र, म्हणजे किलोला सुमारे १३ रुपये. डीएपीच्या बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. नत्राचे ११६ रुपये वजा केले की स्फुरद किलोला सुमारे ५४ रुपयांना पडतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या बॅगेत स्फुरद ८ किलो, त्याची किंमत या भावानं ४३० रुपये. सुपर पाचशेला मिळालं तर वरचे ७० रुपये त्यातल्या साडेपाच किलो गंधकाचे. सोयाबीनसाठी हा सौदा वाईट नाही. अडचण ओझ्याची आहे: एकराला डीएपी सव्वा बॅग पुरतं, सुपर जवळपास चार बॅगा लागतं, म्हणजे भाडं आणि मजुरी वाढते. शिवाय युरिया सुपरमध्ये कालवून ठेवला तर पाणी सुटतं; मिसळायचा तर पेरणीच्या वेळीच.

हा हिशेब नगदी घेणाऱ्याच्या कामाचा. पीककर्ज मुदतीत फिटलं नाही तर नवं मिळत नाही, आणि मग खत उधारीवर येतं. उधारीत भाव चढा लागतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निवड दुकानदाराची होते. तो जे देईल ते न्यावं लागतं. त्यात पेरणीनंतर पावसानं दडी मारली आणि दुबार पेरणी आली तर बियाण्यासोबत सरत्यातून, म्हणजे पेरणीच्या नळीतून, सोडलेल्या खताचा खर्चही अंगावर येतो. म्हणून अनेक कास्तकार आता पेरणीला अर्धीच मात्रा देतात आणि युरिया पाऊस स्थिरावल्यावर घेतात. खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार दुकानात साठा आणि भावाचा फलक लावणं आणि प्रत्येक विक्रीचं, उधारीच्याही, बिल देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. लिंकिंगची तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायची तर ते बिलच पुराव्याला लागतं.