वाल्या आणि बुधन

तुरुंग, पोलीस आणि नाटक हे तीन शब्द जवळजवळ आले की आपण दोन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो: कैद्यांनी तुरुंगात केलेलं नाटक आणि पोलिसी जुलमाविरुद्ध बाहेर चौकात केलेलं नाटक. योगायोग असा की दोन्हींची ठळक उदाहरणं बंगालशीच जोडलेली आहेत.

पहिलं कारागृहाच्या आतलं. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी जेलमध्ये नृत्यांगना अलोकनंदा रॉय यांनी कैद्यांना घेऊन ‘वाल्मीकी प्रतिभा’ बसवली. रवींद्रनाथांची ही संगीतिका १८८१ सालची, आणि तिची गोष्ट आपल्या वाल्या कोळ्याचीच. वाल्मीकी झालेला नायजेल अक्कारा तेव्हा खरोखर तुरुंगात होता. सुटल्यावर तो बंगाली सिनेमात नट म्हणून नावारूपाला आला. वाल्याचा वाल्मीकी झाला, असं म्हणण्याचा मोह कुणाला आवरेल?

तुरुंगातलं सगळंच नाटक पश्चात्तापाचं असतं असं मात्र नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात १९५७ साली बाहेरच्या नटसंचाने बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ केलं. जन्मठेपेचा कैदी रिक क्लची याला कोठडीबाहेर सोडलंच नाही. त्याने ते नाटक लाऊडस्पीकरवरून नुसतं ऐकलं. पुढे त्याने आणि इतर कैद्यांनी तिथल्या जुन्या फाशीच्या खोलीत स्वतःची नाटकमंडळी चालवली. वाट बघण्याचं नाटक त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसणार. पण तालीम किती वाजता संपवायची, प्रयोगाला कुणाला आत घ्यायचं, हे शेवटी तुरुंगाधिकारीच ठरवतो. चांगला अधिकारी बदलून गेला की नाटकही आटोपलं.

दुसरं नाटक भिंतीबाहेरचं, आणि माझ्या मते त्याची ओळख अधिक चुकते. फेब्रुवारी १९९८. पुरुलिया जिल्ह्यातला खेडिया शबर जमातीचा बुधन बायकोसोबत जाताना पानाच्या टपरीवर थांबला आणि तिथूनच पोलिसांनी त्याला उचललं. कोठडीत तो मेला. पोलीस म्हणाले, गमछाने गळफास घेतला. पुन्हा शवविच्छेदन व्हायचं तर प्रेत टिकायला हवं होतं; म्हणून शबरांनी ते गुपचूप घरातच पुरलं आणि पोलिसांच्या समाधानासाठी पुतळ्याला अग्नी दिला. या प्रकरणातलं पहिलं नाटक ते! पुढे कोलकाता उच्च न्यायालयाने त्याच्या विधवेला भरपाई आणि सीबीआय चौकशीचा आदेश दिला.

ही हकीकत अहमदाबादच्या छारानगरात, म्हणजे छारा जमातीच्या वस्तीत, पोचली आणि तिथल्या पोरांना ती आपल्याच घरातली वाटली. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी हे छारा. आपल्याकडचे कंजारभाट त्यांचे भाऊबंद, बोली दोघांचीही भांतू. कागदावरचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला. पोलीस ठाण्यातल्या वहीतून तो तितक्या लवकर गेला नाही. गणेश देवी, महाश्वेता देवी आणि लक्ष्मण गायकवाड या लेखक-कार्यकर्त्यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी उभ्या केलेल्या चळवळीच्या आधाराने या पोरांनी ‘बुधन’ बसवलं, आणि त्या मंडळीचं नावच ‘बुधन थिएटर’ पडलं. रंगमंच नसला तरी त्यांचं अडत नाही. चौकात घोळका जमला की झालं.

आता या नाटकाला ‘गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा उपक्रम’ म्हटलं की सगळाच घोटाळा होतो. पोटासाठी आमच्यातल्या काहींनी चोऱ्या केल्या, हातभट्ट्या लावल्या, हे छारा स्वतःच सांगतात. ते सोवळेपणाचा आव आणत नाहीत. त्यांचं भांडण वेगळं आहे. बुधन कधी वाल्या नव्हताच, मग त्याने वाल्मीकी कशासाठी व्हायचं? प्रेसिडेन्सी जेलमधला नट बदलतो आणि आपण टाळ्या वाजवतो. चौकातला नट बदलायला आलेलाच नसतो. तो समोरच्याला, त्यातही खाकीतल्याला, बदलायला सांगत असतो. म्हणून पहिल्या प्रयोगाला मंत्री आनंदाने येतात, दुसऱ्याला फारसे फिरकत नाहीत, असा माझा आपला अंदाज.

एक गाठ तरीही सुटत नाही. भारतातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा खटलाच निकाली निघालेला नाही असे. त्यांच्यापैकी कुणी तुरुंगातल्या नाटकात डोळ्यांत पाणी आणून वाल्या उभा करत असेल, तर तो वाल्या आहे की बुधन, हे अजून कोर्टानेही ठरवलेलं नसतं.