बाष्पकावर बर्फ जमणे (वातानुकूलन)

वातानुकूलन यंत्राच्या बाष्पकावर, म्हणजे कूलिंग कॉइलवर, हवेतील ओलावा बर्फाच्या रूपात साचण्याचा दोष. सुस्थितीतील यंत्रात शीतक (नळ्यांत फिरून उष्णता वाहून नेणारा पदार्थ, बोलीभाषेत ‘गॅस’) साधारणतः ४ ते ७° से. तापमानाला उकळते; कॉइलवर जमलेले पाणी तबकात ठिबकून निचरानळीवाटे बाहेर जाते. हे तापमान ०° से.च्या खाली गेले की पाणी फिन्सवरच, म्हणजे कॉइलच्या पातळ धातूपट्ट्यांवरच, गोठते. बर्फ फिन्समधल्या फटी बुजवतो, हवा आणखी अडते, शीतकाला उष्णता मिळेनाशी होते आणि बर्फ झपाट्याने वाढतो.

मुख्य कारणे दोन : हवेचा अपुरा प्रवाह आणि शीतकाची तूट. दुसरे कारण अनेकांना उलटे वाटते. शीतक कमी झाले की बाष्पकातील दाब उतरतो, आणि दाबाबरोबर उत्कलनबिंदूही. ०° से.ला उकळताना आर-२२ या शीतकाचा गेज दाब (वातावरणाच्या दाबाहून जास्त असलेला दाब) सुमारे ५८ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), आर-४१०ए चा १०१ व आर-३२ चा १०३ असतो. सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या शीतकाचा, दाब याखाली राहिला तर कॉइल गोठणारच. काही तंत्रज्ञ जादा गॅसलाही दोष देतात. मात्र कॅपिलरी (शीतकाचा दाब उतरवणारी बारीक नळी) असलेल्या यंत्रात जादा गॅसने बाष्पकाचा दाब वाढतो, म्हणून हे कारण गौण मानणे योग्य. बाहेर बरीच थंडी असताना यंत्र चालवल्यासही कॉइल गोठू शकते.

बर्फ कुठे धरला यावरून निदानाला दिशा मिळते. तूट असेल तर तो कॉइलच्या प्रवेशाकडून सुरू होतो व उरलेला भाग प्रारंभी कोरडा राहतो. कॅपिलरी बाहेरच्या युनिटमध्ये असलेल्या स्प्लिट यंत्रात तिथल्या बारीक पाइपच्या व्हॉल्व्हवर हिमकण दिसतात. हवा अडल्यास बर्फ कॉइलभर पसरून परतीच्या जाड पाइपपर्यंत येतो. खात्री सुपरहीटवरून (कॉइलमधून बाहेर पडणारी वाफ उत्कलनबिंदूच्या किती अंश वर आहे त्यावरून) होते : तुटीत ती जास्त, हवा अडल्यास कमी. बर्फ पूर्ण वितळल्याशिवाय घेतलेली मापे फसवी असतात.

वितळवण्यासाठी कॉम्प्रेसर बंद ठेवून फक्त पंखा चालवावा; थर जाड असल्यास काही तास लागतात. बर्फ टोकदार वस्तूने खरवडू नये, नळी फुटते. बर्फ असताना यंत्र रेटल्यास द्रवरूप शीतक कॉम्प्रेसरमध्ये शिरून त्याचे नुकसान होते. नंतर फिल्टर, ब्लोअरच्या पात्यांवरचा मळ आणि फिन्स या क्रमाने तपासावे. यंत्राच्या क्षमतेच्या दर टनाला मिनिटाला सुमारे १० ते ११ घनमीटर हवा लागते. हवा पुरेशी असूनही बर्फ धरत असेल, तरच गॅसकडे वळावे. शीतक वापराने संपत नाही. तूट म्हणजे गळती किंवा मुळात कमी भरणा. फ्लेअर जोडांवरचे (पाइपचे टोक पसरवून नटाने आवळलेल्या जोडांवरचे) तेलाचे डाग पाहावेत, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती शोधावी, ती बुजवून ५०० मायक्रॉनपर्यंत (उरलेल्या दाबाचे माप) निर्वात करावे आणि यंत्राच्या पाटीवरील वजनानुसार शीतक भरावे. गळती न काढता केलेला भरणा ही दुरुस्ती नव्हे. आर-३२ सौम्य ज्वलनशील असल्याने काम खेळत्या हवेत करावे.

अनेक इन्व्हर्टर यंत्रांत कॉइलवरील तापसंवेदक गोठण्यापूर्वी कॉम्प्रेसर थांबवतो. तो क्लिपमधून निसटला असल्यास हे संरक्षण मिळत नाही.