कोणता पंप कोणत्या डीपीवर? महावितरणच्या संगणकीकरणाची पार्श्वभूमी

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आजही कितीतरी विहिरींवरच्या पंपाचं बिल आजोबांच्या नावानं येतं. सातबाऱ्यावर नातवंडं चढली, वाटण्या झाल्या, बिलावरचं नाव मात्र हललं नाही. वीज कंपनीच्या जुन्या संगणक-प्रणाली मोडून एकच नवी उभी करायची म्हटलं, की खरी अडचण इथे सुरू होते.

विदर्भाचे आठ जिल्हे १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. मंडळाचा हिशेब उपविभागावर चाले. प्रत्येकाचा बिलिंग युनिट क्रमांक वेगळा, लेजर वेगळं. पुढे संगणक आला तेव्हा त्यानं ही रचना बदलली नाही, वहीच तेवढी उचलून आत ठेवली. बिलिंग एकीकडे, स्टोअरचा साठा दुसरीकडे, पगार आणि लेखा आणखी तिसरीकडे. डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर नवा स्टोअरमधून कधी निघाला हे एका नोंदीत सापडे. पण त्या डीपीवर नेमके कोणाचे पंप होते, हे वायरमनला विचारावं लागे. त्याची बदली झाली की ती माहितीही त्याच्याबरोबर जाई.

शेतीपंपांचं प्रकरण आणखी अवघड. असंख्य पंपांना मीटरच नाहीत, बिल अश्वशक्तीवर. कागदावर तीनचा पंप आणि विहिरीवर पाचचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. जिथे रीडिंगच नाही तिथे वापर अंदाजानं धरायचा. अंदाज वाढवला की गळती, म्हणजे हिशेब न लागणारी वीज, आपोआप कमी दिसते. राज्य वीज नियामक आयोगानं २०१६ च्या आदेशात महावितरणनं दाखवलेला शेतीचा वापर कमी करून धरला, त्यामागे हाच वाद होता. म्हणून मला हा विषय मुळात सॉफ्टवेअरचा वाटत नाही. चुकीची अश्वशक्ती जुन्या प्रणालीतून नव्यात नेली, तर ती फक्त जास्त वेगानं चुकते.

बदलाचा रेटा कायद्यातून आला. वीज कायदा २००३ नंतर ६ जून २००५ रोजी मंडळाचं विभाजन झालं आणि वितरण महावितरणकडे आलं. २००८ साली केंद्रानं वीज वितरण सुधारण्यासाठी आर-एपीडीआरपी योजना आणली. तिच्या पहिल्या भागात डेटा सेंटर, ग्राहकांची अनुक्रमणी (कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर याची यादी), नकाशे, नवी बिलिंग प्रणाली अशी कामं होती. काम वेळेत पूर्ण झालं तर त्यासाठीचं कर्ज अनुदानात बदलणार, अशी अटही होती. पण योजना तीस हजारांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी. पुसद, वणी, हिंगणघाट त्या निकषात बसत होती. त्यांच्या वेशीबाहेरची खेडी बसत नव्हती. तीच कंपनी, तोच बारा अंकी ग्राहक क्रमांक, आणि नोंदींचा दर्जा मात्र दोन तऱ्हेचा. लेखा आणि मनुष्यबळासाठी सॅप हे तयार सॉफ्टवेअर आलं. ते कार्यालयातलं काम असल्यानं तुलनेनं सोपं गेलं असणार.

दरम्यान नोंदी वाढत गेल्या. २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीत एका-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसू लागला. त्यानं डीपी जळायचं प्रमाण घटावं ही अपेक्षा रास्तच. पण नकाशावर भरायचे ठिपके त्या मानानं वाढले. डिमांड (जोडणीसाठी मागितलेली रक्कम) भरून जोडणीची वाट पाहणाऱ्या पेड पेंडिंग शेतकऱ्यांची यादी वेगळी, सौर पंपाच्या अर्जांची आणखी वेगळी. एकच माणूस दोन्हींत असू शकतो.

२०२१ च्या आरडीएसएस या केंद्राच्या वितरण-सुधारणा योजनेत स्मार्ट मीटर आले, पण प्रीपेड मीटरच्या त्या कार्यक्रमातून शेतीपंप वगळलेले आहेत. मोजणी फीडरवर (उपकेंद्रातून डीपींकडे जाणाऱ्या वाहिनीवर) आणि डीपीवर व्हायची आहे. म्हणजे कोणता पंप कोणत्या डीपीवर, ही नोंद पक्की नसेल तर डीपीचा आकडा कोणाच्या नावे मांडायचा, हे ठरतच नाही.

त्यातच २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज मिळू लागली आणि त्या बिलाची रक्कम सरकार महावितरणला देऊ लागलं. नोंदीतली अश्वशक्ती आता थेट सरकारी अनुदानाचा आकडा ठरवते. पूर्वी बिल फुगलं की शेतकरी उपविभागात भांडायला जायचा आणि त्या निमित्तानं एखादी नोंद तरी दुरुस्त व्हायची. शून्य रकमेच्या बिलासाठी तालुक्याला कोणी जात नाही.