बालगृहातली मुलं बागेत कामाला: पैसे किती, कोणाला आणि कोणत्या कागदांवर

नागपुरातल्या एका बागेत मी बालगृहातली सहा पोरं तण काढताना पाहिली होती. दुपारी प्रत्येकाच्या हातावर पन्नासची नोट अन् एक समोसा. देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, पण कागदावर ते काम कुठेच नव्हतं. असा 'खाऊचा पैसा' वाटण्याआधी हे वाचून घ्या.

पहिली गोष्ट वय. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर ठेवता येत नाही. बाग सरकारी असली तरी सूट नाही. त्याला रोप लावायला जरूर शिकवा, हजेरीवर घेऊ नका. 14 पूर्ण आणि 18 अपूर्ण असलेल्यांना धोक्याचं नसलेलं काम चालतं. फवारणीचा पंप आणि गवत कापायचं मशीन मात्र मी त्यांच्या हाती कधीच देणार नाही.

दुसरी गल्लत सामुदायिक सेवेची. बाल न्याय मंडळ 14 वर्षांवरच्या विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणात आलेल्या) मुलाला अशी सेवा सांगू शकतं, आणि बाल न्याय कायद्याच्या 2016 च्या आदर्श नियमांत उद्यानाच्या देखभालीचा उल्लेखच आहे. पण तो मंडळाचा आदेश, त्याला मजुरी नसते. ही मुलं आणि मजुरीवरची मुलं एकाच हजेरीपटावर घेतली की पुढे सगळा घोळ.

मुलांना कामाला पाठवण्याचा अर्ज संस्थेच्या अधीक्षकांनी बाल कल्याण समितीकडे (बालगृहातल्या मुलांबद्दल आदेश देणारी समिती) करावा आणि प्रत जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना द्यावी. बाग मनपाची, नागपूर सुधार प्रन्यासची की महाराजबागेसारखी कृषी विद्यापीठाची, ते लिहा. काम, वेळ, मजुरी आणि सोबत राहणारा माणूस, हेही त्यात हवं. जोडायला वयाचा पुरावा (आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर जन्मदाखला), वैद्यकीय तपासणीचा कागद, समितीचा मुलाबद्दलचा आदेश, मुलाची लेखी तयारी आणि पासबुकाची झेरॉक्स. काम सुरू झाल्यापासून 30 दिवसांत काम देणाऱ्याने कामगार निरीक्षकाला लेखी कळवायचं, आणि वेळ, विश्रांती, काम यांची नोंदवही ठेवायची.

वेळेचं गणित नागपूरकरांना अवघड जातं. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत किशोराला (14 ते 18 मधल्या मुलाला) कामावर ठेवता येत नाही. मे महिन्यात आपले माळी सहालाच पाइप धरतात, कारण दहानंतर उभं राहवत नाही. सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती, आणि ती धरून दिवसाला सहा तासांची मर्यादा. म्हणून उन्हाळ्यात 8 ते 10 एवढंच मागा, तेही शाळेला सुट्टी असेल तेव्हा.

'मुलंच आहेत, थोडं दिलं तरी चालेल' हा हिशोब चालत नाही. किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटलं होतं. पैसे मुलाच्याच खात्यात जावेत. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवायचं बचत खाते बँका आपल्या अटींवर देतात. मुलाला कामाला लावून त्याची कमाई अडवली किंवा स्वतःसाठी वापरली, तर बाल न्याय कायद्याच्या कलम 79 खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड आहे. 'संस्थेच्या खात्यात टाका, आम्ही वाटतो' असं कोणी म्हणालं तर हे कलम दाखवा.

आणि हो, वर्तमानपत्रासाठी या मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो नकोत. ओळख उघड करणं याच बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. फोटो लागलाच तर रोपांचा काढा.