श्रमिक पाळणाघर

श्रमिक पाळणाघर : अल्प उत्पन्न गटातील नोकरदार व मजूर पालकांची सहा वर्षांखालील मुले कामाच्या वेळात सांभाळणारी, शासन, मालक किंवा सेवाभावी संस्थेच्या खर्चावर पूर्णतः वा अंशतः चालणारी व्यवस्था. पूर्ण शुल्क घेणारी खाजगी पाळणाघरे येथे विचारात घेतलेली नाहीत.

उगम : या संस्थेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही लेखक तिची सुरुवात योहान फ्रेडरिक ओबरलिन या धर्मोपदेशकाने 1769–70 च्या सुमारास फ्रान्समधील व्हॉज पर्वतभागात काढलेल्या विणकाम-शाळांपासून धरतात. इतरांचा कौल रॉबर्ट ओएनने स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क गिरणीवस्तीत 1816 मध्ये उघडलेल्या शिशुशाळेकडे आहे. मात्र या दोन्ही ठिकाणी भर शिक्षणावर होता आणि चालू-बोलू लागलेली मुले घेतली जात. अंगावर पिणाऱ्या मुलांची सोय, आईच्या मजुरीला मुभा आणि परवडेल एवढेच शुल्क ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळतात ती फिर्मँ मार्बो याने नोव्हेंबर 1844 मध्ये पॅरिसमधील शायो भागात सुरू केलेल्या पाळणाघरात. त्यामुळे आधुनिक पाळणाघराचा आरंभ तेथून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे आया मधल्या वेळात येऊन मुलांना पाजत. प्रवेशासाठी आईचे वर्तन चांगले असण्याची अटही होती. मदतीला पात्र गरीब कोण, हे ठरवण्याची ही खोड पुढील योजनांतही निरनिराळ्या रूपांत दिसते.

भारतातील कायदे : भारतात हा प्रश्न प्रथम गिरण्यांच्या संदर्भात पुढे आला. मुंबईत गिरणीकामगार स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवत, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अहवालांत नमूद आहे. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने (1929–31) मोठ्या संख्येने स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यांत पाळणाघराची शिफारस केली. 1934 च्या कारखाने अधिनियमाने 50 हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली राखण्याविषयी नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. 1948 च्या अधिनियमाच्या कलम 48 ने ही सोय बंधनकारक केली. तेव्हाही मर्यादा 50 चीच होती. 1976 च्या दुरुस्तीने ती 30 वर आली. चहा-कॉफी इत्यादींचे मळे (1951), विडी उद्योग (1966) आणि इमारत बांधकाम (1996) यांसाठी स्वतंत्र कायदे झाले.

हे निकष बहुतांशी स्त्री-कामगारांच्या संख्येवर आधारलेले असल्याने मालकांना ती संख्या मर्यादेखाली ठेवण्याचा मोह होई, हा आक्षेप जुना आहे व तो ग्राह्य वाटतो. मातृत्व लाभ अधिनियमाच्या 2017 च्या दुरुस्तीत स्त्री-पुरुष मिळून 50 कर्मचारी असा निकष आला. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभाही मिळाली.

शासकीय योजना : 1 जानेवारी 2006 रोजी पूर्वीच्या दोन योजना एकत्र करून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आखण्यात आली. एका केंद्रात सहा महिने ते सहा वर्षे वयाची 25 मुले असत. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाची मर्यादा 12,000 रुपये होती. 2017 मध्ये तिचे राष्ट्रीय पाळणाघर योजनेत रूपांतर झाले व खर्चाची विभागणी साधारणपणे केंद्र 60, राज्य 30 आणि संस्था 10 टक्के अशी ठरली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला दरमहा 20 रुपये शुल्क होते. 2022 पासून ती ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पालना’ या नावाने चालते. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्यावर तिचा भर आहे.

स्वयंसेवी कार्य व महाराष्ट्र : ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी केली. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला शाळेत येता यावे, हा त्यामागील व्यावहारिक विचार. बांधकाम मजुरांसाठी मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीनिमित्त चाललेल्या बांधकामाच्या जागी, मोबाइल क्रेशेस (फिरती पाळणाघरे) हे काम सुरू केले. ठेकेदाराचे काम संपले की मजुरांबरोबर केंद्रही पुढच्या जागी हलवायचे, ही त्याची पद्धत. हे काम पुढे मुंबई व पुण्यातही उभे राहिले. ऊसतोड कामगारांत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल मुकादमामार्फत दिली जाते. त्यामुळे स्त्री-कामगारांची वेगळी मोजणी गृहीत धरणारे निकष येथे नीट लागू पडले नाहीत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामात चालणाऱ्या साखरशाळांचा भर शाळकरी वयाच्या मुलांवर राहिला. तान्ही मुले बहुधा फडाच्या कडेलाच असतात.